सागाच्या वाटेवरची आई

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात एक शब्दही पदरचा नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं, ते कुटुंब आजही धुळ्यात, देवपूरला राहतं.

आणि हो... ही रात्रीची गोष्ट नाही. लख्ख दुपार होती.

गेल्या जानेवारीतला रविवार. दीपमाला नवरा प्रशील आणि दोन्ही मुलांना घेऊन माहेरी, रावेरला आली होती. मृणाली सात वर्षांची, सुयश तीन. धुळ्याला परतण्याआधी मुलांना सातपुड्याचं जंगल दाखवू, असं प्रशीलने ठरवलं. पाल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एक पायवाट आत जाते. तिच्या तोंडाशी भागाबाई नावाची म्हातारी बोरं विकत बसली होती. प्रशीलने तिच्यापासून थोड्या अंतरावर गाडी लावली आणि चौघं आत शिरली.

वाट सोपी होती. दोन्ही बाजूंना साग. खाली वाळक्या पानांचा खच. पाऊल टाकलं की चर्र... चर्र... मुलांना त्याचीच मजा.

सुयशला खांद्यावर घेऊन प्रशील पुढे. मागे दीपमाला. तिच्या मागे मृणाली, पिसं आणि शेंगा वेचत.

मागून लेकीची पावलं वाजत होती, म्हणून दीपमाला निश्चिंत होती.

एका वळणावर तिला वाटलं... पावलं जरा जास्तच वाजतायत.

एकीची नव्हेत. दोघींची.

तिने वळून पाहिलं.

वाट रिकामी होती.

"मृणाली?"

पानही वाजेना. इतका वेळ किलबिलणारी पाखरंसुद्धा गप्प झाली होती.

"अहो, मृणाली तुमच्याकडे आली का?"

प्रशील थांबला. "नाही. तुझ्याच मागे होती ना?"

आधी दोघांनाही वाटलं, लपली असेल. मग हाका सुरू झाल्या. हाकांना ओ येईना, तशी दीपमाला आल्या वाटेने मागे धावत सुटली. नको नको ते डोक्यात येत होतं.

तेवढ्यात डावीकडच्या कोरड्या नाल्यातून हसू ऐकू आलं...

मृणालीचंच.

आणि तिच्याशी बोलणारा एका बाईचा आवाज. हळू, लाडिक.

दीपमाला जागीच थबकली. आवाज ओळखीचा होता. रोज कानावर पडणारा. पण कुणाचा, ते काही केल्या आठवेना.

मग आठवलं.

तो तिचा स्वतःचा आवाज होता.

ती काटेकुटे न बघता खाली उतरली. मृणाली एका खडकावर बसली होती. एकटीच. सकाळी दीपमालाने तिची घाईघाईत नुसती पोनी बांधली होती. आता तिच्या दोन घट्ट, चापूनचोपून घातलेल्या वेण्या होत्या.

"कुणी घातल्या वेण्या?"

"आईने."

दीपमालाने हात पुढे केला. मृणाली खडकावरून उतरली आणि मागे सरकली.

"तू जा. आई आत्ता येणार आहे."

"अगं, मीच आई आहे."

पोर रडली नाही. नुसती बघत राहिली. अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"आई म्हणाली, माझ्यासारखी दिसणारी एक बाई येईल... तिच्यासोबत जाऊ नकोस."

दीपमालाने पुन्हा हात धरू पाहिला, तर मृणाली किंचाळली. प्रशील नाल्यात उतरला, तेव्हाच ती त्याला जाऊन बिलगली.

चौघं परत फिरली. बापाच्या आडून मृणाली सारखी आईकडे बघत होती.

बाहेर आल्यावर भागाबाई दीपमालाकडे बघतच राहिली.

"बाई, तुमी तं मघाशीच गेल्या ना?"

"मी? आम्ही आत्ताच येतोय, आजी."

"न्हाई वं. एकट्याच आल्या व्हत्या. मी म्हनलं, पोरं कुठी राहिली? तं नुसत्या हसल्या. अन् गाडीकडे गेल्या."

प्रशील झपाझप गाडीकडे गेला. गाडीला कुलूप होतं. त्याने काचेतून आत पाहिलं, डिकी उघडून पाहिली, वाकून खालीही पाहिलं.

कुणी नव्हतं.

परतीच्या रस्त्यात मुलं झोपली. प्रशील समोर बघतच म्हणाला,

"दीपा, आपलं लग्न कुठल्या हॉलमध्ये झालं होतं?"

"हॉल कुठला? रावेरला आमच्या घरासमोर मांडव घातला होता. विसरलात?"

"नाही... सहज विचारलं."

ते सहज नव्हतं. दीपमालाला कळलं. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. लेकीचं एक वेळ समजू शकत होती ती. पण हा?

घरी आल्यावर कितीतरी दिवस मृणाली आईच्या हातचा घास घेत नव्हती. तिला केसांना हात लावू देत नव्हती. मध्येच काहीतरी विचारायची. माझ्या बाहुलीचं नाव काय? मी पडले होते, तेव्हा कुठे लागलं होतं? दीपमाला प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची.

हळूहळू पोर निवळली. एका संध्याकाळी आपणहून मांडीवर येऊन बसली. दीपमालाने तिला छातीशी धरलं. सगळं संपलं, असं वाटलं तिला.

"आई, ती आपलं घर कुठे आहे, विचारत होती."

"कोण?"

"नाल्यातली."

"मग... तू काय सांगितलंस?"

"सगळं. देवपूर, टाकीजवळची गल्ली, हिरवं गेट." मृणाली बोटांवर मोजत होती. "तू दुपारी शाळेत शिकवायला जातेस, घरी नसतेस, ते पण."

दुसऱ्याच दिवशी दीपमालाने शाळेत राजीनामा दिला. कुणी कारण विचारलं तर सांगते, मुलं लहान आहेत.

आता ती दिवसभर घरीच असते. बाजारातही एकटी जात नाही.

प्रशील संध्याकाळी कामावरून येतो, तेव्हा दारातच जरा थांबतो. तिच्याकडे नीट बघतो...

मगच बूट काढतो.