सर कुणावर चिडायचे

ओळख ना पाळख, आणि मी त्याच्यावर ओरडले. आमची पहिली भेट ही अशी.

बाइंडरच्या दुकानात ऑफिसची रजिस्टरं न्यायला गेले होते. बाहेर पावसाची सर आली म्हणून थांबले. टेबलावर एका नव्या पुस्तकाची नमुन्यादाखल छापून आलेली कच्ची पानं होती. मोठे तत्त्वज्ञ, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, ते गेल्या वर्षी वारले, त्यांच्याबद्दल एकवीस जणांनी लिहिलेल्या आठवणी. माझ्या बाबांनी तीस वर्षं छापखान्यात सरांच्या पुस्तकांच्या अक्षरांचे खिळे जुळवले. त्यांनीही थरथरत्या हातांनी, दोन महिने खपून आठ पानं लिहून दिली होती. मी अनुक्रमणिका वरपासून खालपर्यंत पाहिली... बाबा कुठेच नव्हते!

"कोण दिवटा संपादक आहे हो याचा?" मी शेजारी उभ्या असलेल्या, चष्मा लावलेल्या तरुणालाच विचारलं.

"मीच तो दिवटा," तो म्हणाला.

"मग बाबांचा लेख कुठे गेला?"

"कंपोझिटर काका? अहो, त्यात सर प्रुफं भिरकावतात, काकांना गाढव म्हणतात, महिनाभर अबोला धरतात... सर असे नव्हतेच. मी सात वर्षं त्यांचा विद्यार्थी होतो. एकदाही आवाज चढवला नाही त्यांनी."

"म्हणजे माझे बाबा खोटारडे?"

"तसं नाही –"

"उद्या घरी या. त्यांच्या तोंडावर सांगा!"

वाटलं, येतोय कसला! पण आला. भिजलेले केस, हातात बाबांची आठ पानं. दिसायला बरा होता, त्याचाही मला रागच आला.

बाबा मात्र खुशीत. "अरे, सर माणूस कामाचा वाटला तरच भांडायचे. एकदा मी विचारलं, बाकीच्यांशी एवढं गोड कसं बोलता? तर म्हणाले, त्यांच्याकडून काही अपेक्षाच उरली नाही."

बाबा सहज बोलून गेले. त्याचा कप तोंडाशीच थांबला. चहा अर्धा टाकून तो उठला, तशी मी मागोमाग जिन्यापर्यंत गेले. आता मला सरांचाच संताप आला होता. सात वर्षं गोड बोलून फसवलं या माणसाला!

"काकांचा लेख जसाच्या तसा घेतो," तो म्हणाला. "माझा काढून टाकतो. मला सर कळलेच नाहीत."

"खबरदार काढलात तर! तुमच्याशी ते कधीच भांडले नाहीत, हेही सरच की. असंच्या असं लिहा."

"लोक हसतील."

"हसू देत!"

"माझ्याशी भांडावं असं कुणाला वाटलंच नाही, हे छापायचं?"

"मग मी कालपासून काय करतेय?"

शब्द तोंडातून गेले आणि माझे कान तापले. तो कठड्याला धरून बघतच राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे... तुमची माझ्याकडून काही अपेक्षा आहे?"

"आहे!" मी केवढ्यांदा तरी ओरडले. "खूप आहे. म्हणून तर एवढा राग येतो तुमचा!"

पहिल्यांदाच हसला तो. "मग उद्या येऊ? भांडायला?"

"पाच वाजता," मी म्हटलं. "आणि उशीर केलात तर बघा."