तीनापुढचे अंक

सुमेरू अस्थिकेंद्राच्या प्रयोगशाळेचं दार उघडंच होतं, तरी उत्पला भिसेने कुबडी चौकटीवर मुद्दाम आपटली. आत बसलेल्या डॉक्टर वर्टींना आपलं येणं ऐकू जावं, असं तिला वाटत होतं. डाव्या पोटरीला बांधलेली प्लास्टिकची पट्टी, त्या पट्टीच्या जोरावर कसंबसं सरळ राहिलेलं पाऊल आणि प्रत्येक वेळी ते फरशीवर पडताना होणारा फटका. गेल्या वर्षी मिरजेच्या याच इमारतीतून ती बाहेर पडली तेव्हा आठ सेंटिमीटरनी उंच झाली होती, आणि डावं पाऊल वर उचलायची तिची ताकद गेली होती.

"या भिसे मॅडम, बसा," वर्टी उठून उभे राहिले. "कळांक काय आज? कितपत दुखतंय?"

"सात."

वर्टींनी लगेच टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं. उत्पलाच्या उजव्या पायातली, हाड लांबवणारी वर्धकशलाका काढून झाली होती, पण डाव्या पायाचं हाड नीट जुळलं नसल्याने तिथली अजून आतच होती. खोलीत शिरताच त्या शलाकेने पडद्याशी संधान बांधलं होतं. पडदा दोन हा आकडा दाखवत होता.

"पाहिलंत? माझं उत्तर ऐकलंत आणि खरं काय ते त्याला विचारलंत."

"तसा अर्थ घेऊ नका."

"दुसरा कुठला घेऊ तेवढं सांगा. पण मी माझ्यासाठी आलेली नाही. अस्लम मुजावरच्या पायाचा अंगठा वर होत नाही. माझं तिथूनच सुरू झालं होतं."

अस्लम हा गेल्या वर्षीचा तिच्या शेजारच्या खाटेवरचा रुग्ण. तेव्हा त्याने मांड्या वाढवून घेतल्या होत्या. आता दुसऱ्या टप्प्यात पोटऱ्या वाढवून घ्यायला तो पुन्हा दाखल झाला होता. होणाऱ्या सासऱ्याच्या खांद्याला आपण लागतो, हे त्याचं दुःख होतं. उत्पलाचं दुःख निराळं होतं. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, फळ्याच्या वरच्या टोकाला हात पोचायला तिला स्टूल लागायचं आणि पोरं तिला 'पाऊण मॅडम' म्हणायची. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी हाडं कापून घेतं का, असं लोकांनी नंतर विचारलं. ज्यांना ती एवढीशी वाटली ते सगळे स्टुलाशिवाय फळ्याला पोचत होते.

"अस्लमचा पडदा मी सकाळीच पाहिला," वर्टी म्हणाले. "दोनच्या वर नाही. तुम्ही शास्त्राच्या आहात, म्हणून सविस्तर सांगतो. शलाका हाडाच्या पोकळीत बसते आणि कापलेली दोन टोकं दिवसभरात थोडी थोडी लांब सारते. मधली फट नव्या हाडाने भरते. हाड भरतं, पण मज्जातंतूला त्या वेगाने वाढता येत नाही. तो ताणला जातो, आणि ताणलेला तंतू विजेची बारीक कुजबुज करत राहतो. तो मज्जानाद शलाकेला ऐकू येतो."

"ऐकू येतो. कळतो का?"

"आपोआप नाही. कोणता नाद साध्या ताणाचा आणि कोणता धोक्याचा, हे तिला रुग्णांनी शिकवलं. रुग्ण रोज संध्याकाळी कळांक सांगतो, शून्य ते दहा. शलाका तो अंक त्या दिवसाच्या नादाशी जोडते आणि जे शिकली ते इतर सगळ्या शलाकांना कळवते. याला आम्ही सामायिक शिकवण म्हणतो. तुम्ही सात म्हणालात, पण तशाच नादाला हजारो लोक दोन म्हणाले होते. म्हणून तिने तुमच्या अंकात दुरुस्ती केली. घाबरलेला माणूस दुखणं वाढवून सांगतो, हे आम्ही गृहीत धरलेलं आहे."

"आणि कमी करून सांगणारा?"

"तो कशाला सांगेल? पाय त्याचाच आहे."

उत्पला हसली. या माणसाने इतकी वर्षं हे केंद्र चालवलं, पण तो संध्याकाळी वॉर्डात एकदाही पाच मिनिटं बसला नाही, हे तिला आत्ता समजलं.

"डॉक्टर, तुमच्या वॉर्डात एक रिवाज आहे. जो चार म्हणेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. शलाका चारला वेग कमी करते, त्यापुढे थांबतेच, मुक्काम लांबतो, लग्नाची नाहीतर भरतीची तारीख हुकते. म्हणून कुणी चार म्हणत नाही. दातओठ आवळून पडलेला माणूसही सिस्टर आली की दोन म्हणतो, आणि वर विचारतो, दीड चालेल का. मीही पहिले दोन महिने तीनच म्हणत होते. अंगठा हलेना तेव्हा सात म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवून चहा मागितला, मी पाजला. आणि तुमच्या यंत्राने माझ्या साताचे दोन केले."

टेबलावरची पेन्सिल वर्टींनी आडवी होती ती उभी ठेवली.

"वजनकाट्यावर कुणी कधी तीन किलोपेक्षा जास्त ठेवलंच नाही, तर तो हत्तीलाही तीन किलोच म्हणेल," उत्पला म्हणाली. "तुमच्या शलाकांना तीनापुढचे अंक भेटलेलेच नाहीत. मरणाऱ्या तंतूची आरोळी त्यांना रोजची कुजबुज वाटते."

"असं असेल तर," वर्टी सावकाश म्हणाले, "तर सगळ्याच केंद्रांतल्या..." आणि ते थांबले. मग एकदम म्हणाले, "अस्लमची शलाका आत्ता हाताने बंद करता येईल. त्याची संमती लागेल, बस."

दोघं वॉर्डात गेले. अस्लम उशीला टेकून सफरचंद कापत होता.

"आक्का, तुम्ही परत आलाव व्हय," तो म्हणाला. "काय वो, करमत न्हाई काय घरात?"

"अंगठा वर कर बघू."

त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या हुतोय वर. आज जरा रुसलाय."

"अस्लम, शलाका बंद करू या," वर्टी म्हणाले.

"का? पडदा दोन दावतोय की. मीबी दोनच म्हणतोय." त्याने फोड तोंडात टाकली. "अजून दोन बोटं वाढायची राहिल्यात, डॉक्टर. सही न्हाई देणार मी. आक्कांचं नशीब वाईट, म्हणून माझंबी वाईट धरता काय?"

"माझा पाय बघ की," उत्पला म्हणाली.

"बघितला. तुमचा पडदाबी दोनच दावतोय. मग खोटं कोण बोलतंय?"

वॉर्डात दोघं-तिघं हसले. उत्पलाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तिला वळून निघून जाता आलं असतं. पण तिला वळायला फार वेळ लागत असे, आणि तेवढ्या वेळात तिचा विचार बदलला.

"डॉक्टर, हा माझं ऐकणार नाही, तुमचंही नाही. पडद्याचं ऐकेल," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "पडद्यालाच शिकवू या. माझ्या पायात शलाका आहे, हाड जुळलेलं नाही. ती पुढे चालवा. मी खरे अंक सांगते. चार, पाच, सहा, जिथवर जाईल तिथवर. मग मागे आणा, उतरते अंकही सांगते."

"तुम्ही एकट्या. समोर हजारोंची साक्ष आहे."

"हजारोंची साक्ष सपाट आहे. नाद लहान असो की मोठा, दोन. माझा अंक नादाबरोबर चढेल आणि नादाबरोबर उतरेल. तुमचं यंत्र डोकी मोजतं की संगती पाहतं?"

"संगती," वर्टींना कबूल करावं लागलं. "दुरुस्ती बंद ठेवून अंक सरळ आत घेतला, तर ती तुमचंच मानेल. पण मी हे करणार नाही. तुमचा तंतू अर्धमेला आहे, मेलेला नाही. त्याला त्रास दिला नाही तर वर्ष-दोन वर्षांत पाऊल थोडं उचलेल. पट्टी सुटेल. आज ताणला तर ती आशा संपली."

ही आशा उत्पलाला ठाऊक होती. रोज सकाळी खाटेवर बसून ती डाव्या अंगठ्याकडे बघत असे आणि कधी कधी तो हलल्यासारखा वाटे. तिने कुबडीची मूठ घट्ट धरली.

"पाऊल माझं आहे ना?"

"त्या मुलासाठी एवढं?"

"त्याच्यासाठी आहेच. पण माझ्यासाठीही आहे. वर्षभर मी जिथे जाते तिथे माझ्याआधी तो दोन पोचतो. मी खोटं बोलत नव्हते, हे त्या डबड्याला कबूल करायला लावणार आहे मी. आणि हे प्रयोगशाळेत नको. वॉर्डात करायचं, सगळ्यांसमोर."

वर्टींनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या मध्यावर, दोन रांगांच्या मध्ये, उत्पलाची खाट लावली गेली. मोठा पडदा भिंतीवर होता. जोराने ओरडायचं नाही, अंक स्पष्ट सांगायचा, एवढंच तिने मनाशी ठरवलं होतं.

शलाका सुरू झाली.

"तीन," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "चार."

"चहा, आक्का," कुणीतरी सवयीने म्हणालं.

"पाच."

भिंतीवरची नादाची रेघ फुगली. पोटरीतून तापलेली सळई घोट्याकडे उतरत होती. "सहा," ती म्हणाली, आणि हा आवाज आपलाच आहे का असं तिला वाटलं. वॉर्डातलं हसणं थांबलं होतं. "सात." वर्टींचा हात बटणावर गेला. "हात काढा, डॉक्टर. आठ." समोरच्या खाटेवरचा एक दणकट मनुष्य आपल्याच गुडघ्यावर हात दाबून बसला होता, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की हे अंक त्याला ओळखीचे आहेत. "नऊ," उत्पला म्हणाली. "आता मागे घ्या."

शलाका मागे आली तशी ती अंक उतरत आली. मोठ्या पडद्यावर तिच्या शब्दाखाली तोच अंक उमटत होता. तिच्यात आणि त्याच्यात पहिल्यांदाच काही अंतर नव्हतं.

शिकवण इतर शलाकांपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. एका खाटेवरून बारीक टिकटिक झाली, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. वॉर्डातल्या सगळ्या शलाका थांबल्या होत्या.

"माझी का थांबली?" दणकट माणूस म्हणाला. "मला काही होत नाही. सिस्टर, एक लिहा. एक."

त्याच्या पडद्यावर आकडा आला सात.

"मीबी दोन म्हणतोय की," अस्लम ओरडला. "डॉक्टर, ह्येला सांगा. पाय माझा हाय."

"दुरुस्ती करतंय ते," वर्टी म्हणाले. "मॅडमच्या साताचे दोन करणारा नियमच आहे हा. सांगणाऱ्यापेक्षा नादावर विश्वास ठेवायचा."

उत्पला उताणी पडून छताकडे बघत होती. वॉर्ड तिच्यावर चिडला होता. कुणी लग्न मोडेल म्हणत होतं, कुणी भरती गेली म्हणत होतं, आणि कुणी तिला थेट विचारलं की स्वतःचं वाटोळं झालं म्हणून सगळ्यांचं करायचं होतं का. डावा पाय गुडघ्याखाली कुणाचातरी दुसऱ्याचाच वाटत होता.

अस्लमचा अंगठा महिनाभरात वर झाला. त्यानंतरही तो पुष्कळ दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस त्याचा फोन आला. "लग्नाची तारीख ठरली, आक्का," तो म्हणाला. "सासरा अजून दोन बोटं उंचच हाय. बसूनच बोला म्हणून सांगितलंय त्येला." दोघंही बराच वेळ हसत राहिले.

वर्टींनी सगळा प्रकार प्रसिद्ध केला. इतर केंद्रांनी तीच शिकवण घेतली. हळूहळू ती पायांपुरती उरली नाही. जिथे म्हणून दुखणं मोजायचं असेल तिथे तीच वापरली जाऊ लागली, आणि लोक तिला भिसे मापनी म्हणू लागले. अपंगत्वाचा दाखलासुद्धा त्या मापनीवर मिळू लागला. तो नसला तर कॉलेजात उत्पलाला तळमजल्यावरचे तास मिळणार नव्हते, जिना चढावा लागणार होता. म्हणून तीही तपासणी मंडळापुढे गेली. मंडळावर तीन डॉक्टर होते, आणि मधल्या खुर्चीवर वर्टी.

तिचं नाव वाचून उरलेले दोघे आदराने उठले. उपकरण सुरू झालं. भिंतीवर नादाची रेघ आली. ती सरळ होती, कुठेही चढ नाही की उतार नाही. खाली आकडा उमटला शून्य.

"वा, मॅडम," डावीकडचे डॉक्टर म्हणाले. "भिसे मापनीप्रमाणे तुम्हाला अजिबात वेदना नाही."

वर्टींचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला.

"तंतू मेला," ते म्हणाले. "त्या दिवशीच मेला असणार. मेलेला तंतू नाद करत नाही, आणि नाद नाही तर मापनीला काही ऐकू येत नाही."

"मग दुखणंही संपलं असेल," डावीकडचे म्हणाले.

"तसं होत नाही. तंतू तुटला तरी मेंदूतली कळ चालूच राहते, कधी वाढतेही. पण ती नादात येत नाही." वर्टी खाली बघत म्हणाले, "नियम मात्र असा आहे की रुग्ण काहीही म्हणाला, तरी मापनी..."

"नियम मला माहीत आहे," उत्पला म्हणाली. "अंक मीच शिकवलेत तिला."

पट्टी लावलेला पाय तिने दोन्ही हातांनी उचलला आणि मंडळाच्या टेबलावर, तिघांच्या मधोमध ठेवला. उजवीकडच्या डॉक्टरांना पाण्याचा पेला बाजूला घ्यावा लागला.

"मापनीला काय विचारता? भिसे इथे बसलीय. विचारा."

वर्टींनी चष्मा परत चढवून विचारलं, "किती, मॅडम?"

"आठ," ती म्हणाली. "आणि दुरुस्ती करायची असेल तर करा. मी पाय काढणार नाही."