जानकीबाईंनी दिलेला गृहपाठ

"डोळे उघडे ठेवा."

"ठेवले."

"मिटले तुम्ही."

"तुमचा फ्लॅश दिसला का मिटतेत. यात माहा काय दोष?"

पासपोर्ट फोटोला आलेला माणूस. निळा शर्ट. केसांत कोसा रेशमाचा एक तंतू अडकलेला… तो काढून टाकायला सांगावं की नाही, तेवढ्यावर मी थांबले होते. आणि मला कुणाकडे एवढं बघायचंच नव्हतं.

मोहाडीत तहसील कचेरीसमोर बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. आजोबांचे माग होते. बाबांनी ते विकून कॅमेरा घेतला. मी प्रतीक्षा, त्या कॅमेऱ्यामागची दुसरी पिढी. लग्नं, साक्षगंध, प्री-वेडिंग – तोच पूल, तोच रंगीत धूर, तीच कंबरेत वाकलेली नवरी. स्वतःसाठी म्हणून दोन वर्षांत एकही फोटो काढलेला नाही. पुण्यात अल्बम छापणाऱ्यांकडे काम मिळालं होतं. दिवसभर खुर्चीत बसून नवऱ्यांचे गाल गोरे करायचे. बरं होतं. निदान डोळ्याला कॅमेरा लावायला नको.

"कॅमेरा विकणे आहे," त्यानं काउंटरवरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "काहून विकून राहिल्या?"

"कंटाळा आला."

"कॅमेऱ्याचा? का आमच्यासारख्या थोबाडांचा?"

मी बटण दाबलं. डोळे उघडे आले… कारण तो उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होता.

अनुप नाव. विणकरांच्या गल्लीत घर, घरात माग. पैसे देताना म्हणाला, "आमच्या गल्लीतल्या बाया मोबाईलवर साड्यांचे फोटो टाकतेत. कोसा नाही, गोणपाट दिसते. शिकवान का?"

"मी पुण्याले जाऊन राहिली."

"आज?"

"महिन्याच्या शेवटी."

"मंग तोवर तं इथंच आहा ना."

कधी येऊ, ते मी विचारलं.

*

पहिला दिवस वाया. अनुपच्या ओसरीवर बाया, आतून मागाचा खटखटाट, आणि मी – प्रकाश कुठून, साडी कशी, मोबाईल आडवा. देवकाबाई जांभया देत होत्या. जानकीबाई, गल्लीतल्या सगळ्यात वयस्क आणि तोंडाच्या सगळ्यात मोकळ्या, म्हणाल्या, "मॅडम, हे तं शाळाच झाली."

मला राग आला. कुणाचा, ते कळेना. रागातच म्हणाले –

माणसाचा फोटो काढा. पण फोटोत माणूस नको.

"बाप्पा! हे कसं?"

"तुम्हीच पाहा."

दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन सगळ्या आधीच बसलेल्या. देवकाबाईंनी उशीवरचा खळगा आणला होता. गोदावरीबाईंनी, म्हणजे अनुपच्या आईनं, अंगणात वाळत घातलेल्या धानावरून चालत गेलेली पावलं. जानकीबाईंचा फोटो शेवटी निघाला. पेला, पेल्यात पाणी, पाण्यात दातांची कवळी.

"हा माहा घरधनी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "यापेक्षा जास्त कधी हासत नाही."

आतला माग थांबला. अनुप दारात येऊन पोट धरून हसत होता. मीसुद्धा. किती दिवसांनी…

घरी जाताना स्कूटी मध्येच थांबवली. धानाच्या तणसाच्या ढिगावर ऊन तिरपं पडलेलं. कॅमेरा सोबत नव्हता. फोननं काढला – चुकला. वाकून काढला – चुकला. पुढे गेले आणि परत वळून आले. तोवर ऊन उतरलेलं. आणि माझी चिडचिड, चिडचिड… ही अशी चिडचिड मला पूर्वी व्हायची. मी ती ओळखली.

*

मग रोज एक गृहपाठ. आज फक्त पिवळं.

आज कोंबडीला दिसतं तेवढ्या उंचीवरूनच.

पिवळ्याच्या दिवशी अनुपनंही फोटो दाखवले. सगळ्यांत माझी ओढणी. ओसरीवर ओढणी, स्कूटीच्या आरशात ओढणी, दारातून बाहेर पडताना ओढणीचं फक्त टोक.

"हे काय?"

"पिवळं."

"माझी ओढणी आहे ती."

"तुमची आहे, मान्य. पन पिवळी आहे का नाही?"

मी मोबाईल परत दिला. बोटं जरा जास्त वेळ तिथेच राहिली – त्याची की माझी, सांगता येणार नाही.

*

"आमी सारं काढून राहिलो," एके दिवशी जानकीबाईंनी मला धरलं, "तुमी काहून काढत नाही? आता आमी देतो गृहपाठ. शेजारच्या गावची मंडई आहे. जा. एक माणूस काढून आना. हासणारा नको. तुमच्याकडं पाहणारा नको. पन पायलं का वाटलं पायजे – याले अजून पाहावं."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दंडारीचं लोकनाट्य रंगतं, जिलेबी तळली जाते. आणि या गर्दीत लग्नाची पोरं-पोरी गुपचूप पाहून घेतात, ते वेगळंच. हे मला जन्मापासून माहीत आहे. पण त्या दिवशी हातात कॅमेरा होता. विसरले.

फुगेवाला काढला. नको. झांज धरलेला म्हातारा… नको, त्यानं बघितलं. मी भिरभिरत होते, आणि पाळण्याच्या मागे अनुप दिसला. आईच्या चपलेचा अंगठा तुटलेला. हा धुळीत अनवाणी बसून त्यात सेफ्टी पिन घालतोय, जिभेचं टोक दातांत. गोदावरीबाई एका पायावर, त्याच्या खांद्याला धरून उभ्या.

मी खाली बसले. काढला. सरकले, काढला. त्याच्याभोवती अर्धी फेरी मारून पुन्हा… मागून दोन बायांचे आवाज आले.

"कोनाची वं पोट्टी?"

"मोहाडीच्या स्टुडिओवाल्याची."

"पोट्टा पाहून राहिली वाटते. घरी दाखवाले फोटो नेत असन."

*

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गोदावरीबाई. नवी साडी. सोबत अनुपचे कोंढा गावचे मामा. मागे अनुप, कान लाल.

बाबांना वाटलं, ग्रुप फोटो आहे. त्यांनी खुर्च्या मांडल्या, काश्मीरचा पडदा सोडला.

"फोटो नाही," मामा म्हणाले. "तुमच्या पोरीनं आमचा पोट्टा पसंत केला म्हनते अख्खी मंडई."

बाबांच्या हातातून पडद्याची दोरी सुटली.

"सांगा ना यांना," अनुप मला पुटपुटला, "गृहपाठ होता म्हनून."

"गृहपाठ होता," मी म्हणाले. खरंच होता.

"दाखव तं," गोदावरीबाई म्हणाल्या.

मी कॅमेरा पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ.

"रोज घरात असते हा," त्या हळू म्हणाल्या. "म्या असा कधी पायला नाही." मग माझ्याकडे बघत, "हे गृहपाठ नोय, बाई."

अनुपनं वाकून पाहिलं. आणि सुटलेली दोरी धरून तो काश्मीर वर गुंडाळायला लागला.

"तू तं पुण्याले जाणार होती ना?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"नाही जात."

बोलून झाल्यावर मला कळलं की मी बोलले.

*

मामा आणि बाबा आत चहा पीत होते. आम्ही बाहेर पायरीवर. मी पुण्याला फोन करून आले होते.

"तुझ्यासाठी नाही राहिली मी," मी म्हटलं. "नीट ऐक. जानकीबाईले अजून शिकवायचं आहे. दिघोरीचा बचत गट बोलवून राहिला. मले धानाची कापणी काढायची आहे, तलावावरचे मासे धरणारे काढायचे आहेत, मी दिवस-दिवस घरी नसन. कळलं?"

"कळलं."

"पुणं सोडाचं कारण तू नाही."

"हाव, बाई. कळलं म्हटलं ना." तो रस्त्याकडे बघत राहिला. "मंग… मी कायचंच कारन नोय?"

समोरून एक ट्रॅक्टर गेला. तो पूर्ण जाईपर्यंत मी वाट पाहिली, म्हणजे एकदाच सांगावं लागेल आणि त्याला नीट ऐकू येईल.

"घरी परत याचं कारण तू," मी म्हटलं.