अर्धं पाऊल मागे

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रातली वेगवेधी फरशी मोठी रोखठोक होती. तिच्यावरून दहा मीटर चालायचं. पहिले दोन आणि शेवटचे दोन मीटर ती सोडून द्यायची आणि मधल्या सहा मीटरांवरून माणसाचा वेग सांगायची. सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर भरले, तर घरी एकटं राहायची परवानगी. कमी भरले, तर कायमचं शुश्रूषागृह. तिथे रडून-भांडून काही उपयोग नसे.

वत्सला मगदूम यांनी चाळीस वर्षं याच केंद्रात लोकांना चालायला शिकवलं होतं. पक्षाघातानंतर आता त्या स्वतःच फरशीवर उभ्या होत्या, घराची किल्ली मुठीत घेऊन. सोमवारी बहात्तर भरले, बुधवारी त्रेसष्ट, आज चोपन्न.

"बाई, वेग म्हणजे मेंदू, हृदय आणि स्नायू या सगळ्यांचा मिळून दाखला," डॉ. निहाल बागवान चाचरत म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. "तो असा घसरतोय, म्हणजे..."

"म्हणजे मेंदू कामातून गेला? अरे, मलाच शिकवतोस? माझी नाडी बघ. दमलेल्या माणसाची अशी असते का?"

निहालने पाहिलं. नाडी अगदी खुर्चीत बसल्यासारखी शांत होती.

"आता पावलं दाखव. माझीही आणि याचीही."

'हा' म्हणजे अनुचर, तोल गेला तर रुग्णाला सावरणारा दोन पायांचा यंत्रमानव. पडद्यावर दोघांची पावलं उमटली. बाईंचं पाऊल आखडलं की त्याचं आखडत होतं, आणि त्याचं आखडलं की पुन्हा बाईंचं.

"याला काय शिकवलंय?"

"रुग्णाच्या अर्धं पाऊल मागे राहायचं. बरोबरीने चाललं तर रुग्ण सोबत्याचा वेग धरतो आणि माप खोटं ठरतं. तुम्हीच तर सांगायचात."

"आणि चाळीस वर्षं मी कुठे चालले?"

निहालने पडद्यावरची बाईंची पावलं पुन्हा पाहिली.

"शेजारी कुणी चालायला लागलं की जुन्या सवयीने माझं पाऊल आपोआप मागे राहतं रे. हा माझ्याही मागे राहायला बघतो. अशाने थोड्याच दिवसांत आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो असतो!" बाई हसल्या. "पण मागे राहण्यात माझ्याइतका चिवट गुरू याला भेटला कुठे?"

निहालने अनुचराची नोंद उघडली. "केंद्रातल्या जुन्या चित्रफिती बघून शिकलाय तो, बाई. सगळ्या तुमच्याच आहेत."

बाईंना अभिमान वाटला, आणि स्वतःचा रागही आला.

"बंद कर त्याला. तूही इथेच थांब."

"पडलात तर?"

"पडले तर उचल."

आणि त्या निघाल्या. डावा पाय किंचित घासत होता, पण पाऊल आखडत नव्हतं. या फरशीवर पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं.

आकडा उमटला, एकशे चार. निहालने तो पुन्हापुन्हा वाचला. तेवढ्यात बाई दरवाज्याबाहेर पडल्यासुद्धा होत्या.

"बाई, दहा मीटर झाले!"

"घर पुढे आहे!"

त्यांना गाठून अर्धं पाऊल मागे राहण्यासाठी निहालला चक्क पळावं लागलं.