मधली भिंत

“हिला विचार, हातोडी आणलीय का बरोबर,” आई धाकट्याला म्हणाली.

ताई आईपासून हातभर अंतरावर दारातच उभी होती आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीतून हातोडीचा दांडा चांगला वीतभर बाहेर डोकावत होता. तरीही धाकट्यानं घसा साफ केला आणि इमानेइतबारे निरोप पोचवला. “ताई, आई विचारतेय…”

“आणलीय. पण ती भिंतीचा आवाज ऐकायला असते, पाडायला नाही, म्हणून सांग तिला.”

“काही सांगायला नको. कान शाबूत आहेत माझे,” आई चौकटीकडे बघत म्हणाली.

बाबा गेले त्या दिवशी “ह्या पोरीचं तोंड बघायचं नाही मला” असं आई म्हणाली होती, आणि तो शब्द तिनं इतक्या निष्ठेनं पाळला होता की एका खोलीत बसूनही ती ताईच्या कानाशी, नाहीतर खांद्यापलीकडच्या खिडकीशी बोले, तेही धाकट्यामार्फत. धाकट्याला बिचाऱ्याला दोघींमधल्या टपालाची सवय झाली होती. ताईला मात्र कधीच झाली नाही… रोजचं दुखणं म्हणून ते कमी दुखतं थोडंच!

ताईचं काम घरं तपासण्याचं. कुणी जुनं घर घ्यायला निघालं की तिला बोलावणं येई, आणि ती पायापासून कौलांपर्यंत सगळं वाकून, चढून, ठोकून बघे. या भिंतीत काय दडलं असेल, ही ओल कुठून येत असेल, हे कुतूहल तिला लहानपणापासूनचं. अभ्यासाला बसली की ती मधल्या भिंतीवर बोटांनी टकटक करी आणि पलीकडच्या स्वैपाकघरातून आई उलथण्यानं तिला उत्तर देई. त्यावरून आईनंच तिचं नाव ‘टकटक’ पाडलं होतं. ते नाव आता घरात कुणी उच्चारत नसे.

कारण शिकूनसवरून नोकरीला लागलेली ही टकटक पहिल्याच सुटीत घरी आली, दोन दिवस भिंती ठोकत फिरली आणि म्हणाली, हे घर राहण्याजोगं उरलेलं नाही. वर्ष सरायच्या आत घर रिकामं झालं, पाडलं गेलं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबांचं मन कधी रमलंच नाही, आणि तिथेच ते गेले. “शिकवली ती घर पाडायला,” हे आईचं पालुपद ताईनं आजवर खाली मान घालून ऐकलं होतं.

आता आईला गावाच्या टोकाचं हे जुनं दुमजली दगडी घर मनापासून आवडलं होतं. मागे अंगण, पुढे कट्टा, पायाखाली माती. सही तेवढी बाकी होती, आणि नेमका तिथेच धाकटा अडून बसला. ताईनं घर नीट तपासल्याशिवाय मी कागदाला हात लावणार नाही, म्हणाला. आईनं आदळआपट केली, अबोला धरला. “एक घर खाल्लंन् तिनं, हेही खाईल,” असंसुद्धा म्हणाली. ते ताईच्या कानावर आलं होतं. ती तरीही आली… आई इथे झोपणार होती ना!

घरमालक शिंपी होता, वयानं थकलेला पण जिभेनं नाही. तो आता लेकीकडे राहायला जाणार होता. त्यानं मोठ्या अभिमानानं दिवाणखाना उघडला.

“बघा, कसं हवेशीर! आधी इथे मधे भिंत होती. कापायचं टेबल मावेना, तेव्हा दिली काढून.”

“हिला विचार, आहे की नाही प्रशस्त,” आई धाकट्याला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

ताईनं वर छताकडे पाहिलं. देवा, इथेही तेच…

आपलं जुनं घर का पाडावं लागलं, हे फक्त ताईला आणि बाबांना ठाऊक होतं. आईनं हौसेनं हट्ट धरला होता, की स्वैपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली भिंत नको. बाबांनी एका गवंड्याला हाताशी धरून ती काढून टाकली, वरच्या मजल्याची भिंत तिच्याच आधारावर उभी आहे याचा विचार न करता. ताईला ते कळलं तेव्हा बाबांनी तिचे हात धरले होते. “तिला सांगू नकोस, पोरी. हौस तिची होती. कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. घर जुनं झालं, एवढंच सांग. रागावेल तुझ्यावर, पण राग काय, उतरतो.”

राग उतरला नाही. आणि ताईनं दिलेला शब्दही मोडला नाही.

‘कदाचित भार पेलायला छतात तुळई घातली असेल,’ तिनं स्वतःला बजावलं आणि ती मुकाट्यानं कामाला लागली. भिंती सरळ आहेत का बघायला कोपऱ्याकोपऱ्यातून तिनं ओळंबा सोडला, गिलाव्यावर हातोडी वाजवली, न्हाणीघराच्या भिंतीची ओल हात लावून पाहिली. मग शिडी लावून कौलांखालच्या माळ्यावर चढली. खाली आई इकडून तिकडे फेऱ्या घालत होती. मान वर करायची नाही असं तिनं ठरवलं होतं, पण मान काही ऐकेना.

“हिला विचार, काय दिसतंय वर.”

“ताई, काय दिसतंय?”

“वासे धडधाकट आहेत. वाळवी नाही. दोन कौलं फुटलीत. आणि इथे एक कात्री पडलीय.”

शिंपी एकदम शिडीशी आला. “मोठी? पितळी मुठीची?” कात्री हातात घेऊन तो तिच्याकडे बघतच राहिला. “मीच वर नेली असणार, दोऱ्या कापायला. आणि आमच्या हिला म्हणालो, तुझ्या भावानं पळवली. मरेपर्यंत तिनं त्याला पुन्हा जेवायला बोलावलं नाही.” तो कात्री सदऱ्याला पुसत राहिला.

आईनं शिडीवरून उतरणाऱ्या ताईच्या पायांकडे क्षणभर पाहिलं.

माडीवरच्या खोलीत आल्यावर ताईनं शिंप्याकडून दोऱ्याचं एक भरलेलं रीळ मागून घेतलं आणि फळ्यांच्या जमिनीवर, खिडकीपाशी, आडवं ठेवून सोडून दिलं. रीळ थोडं थांबलं, मग आपणहून निघालं, हळूहळू वेग घेत माडीवरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीच्या पायथ्याशी जाऊन टेकलं. तिनं ते उचलून जिन्याच्या दाराशी ठेवलं. तिथूनही ते तिथेच गेलं.

“अगंबाई,” आई म्हणाली. ती कधी खोलीत येऊन उभी राहिली ते तिचं तिलाही कळलं नसावं. “त्या कोपऱ्यातून सोडायला सांग बघू.”

धाकट्यानं सोडलं. रीळ पुन्हा तिथेच गेलं. मग आईनं ते स्वतः वाकून उचललं आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीत नेऊन सोडलं. तिकडूनही ते भिंतीकडेच धावलं. आईच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी असं लहान मुलीसारखं नवल उमटलं होतं! ताईला वाटलं, हे असंच राहावं, पुढचं काही विचारू नये तिनं.

पण आईचा हात दोन खोल्यांमधल्या दारावर पडला होता. दाराची वरची कड एका टोकाला चांगली तिरकी तासलेली होती.

“दरवर्षी रंधा मारावा लागतो त्याला,” शिंपी म्हणाला. “दमट हवेनं लाकूड फुगतं हो.”

“आमचे हेसुद्धा असंच म्हणायचे,” आई म्हणाली. “माडीवरचं दार दरवर्षी तासायचे. ह्याच बाजूला…” आणि तिचं बोट त्या तिरक्या कडेवर थांबलं. “पण फुगायचं तर सगळीकडून फुगेल ना? नेमकं एकाच टोकाला कसं फुगेल?”

धाकट्यानं सवयीनं तोंड उघडलं. “ताई, आई विचारतेय…”

“तू गप्प बस. मला तोंड आहे.” आईनं ताईकडे पाहिलं. कानाकडे नाही, खिडकीकडे नाही, डोळ्यांत पाहिलं. “तू सांग.”

‘लाकूडच ते, फुगतं कधीकधी,’ एवढं म्हटलं असतं तर बाबांचा शब्द राहिला असता, आईचं मनासारखं घर झालं असतं आणि ही ‘तू’सुद्धा कदाचित ताईच्या पदरात पडली असती. पण याच भिंतीखाली उद्या आईची खाट पडणार होती. खोटं बोलून मिळालेली आई किती दिवस पुरणार?

“दार फुगत नाहीये, आई. चौकट खाली जातेय. ही भिंतच खाली बसतेय, आणि जमिनीला घेऊन बसतेय, म्हणून रीळ तिकडे जातं.”

“का?”

“खालची भिंत काढली म्हणून. ही तिच्यावर उभी होती.”

खात्री करून घ्यायला ताई खाली गेली. शिंप्याच्या परवानगीनं तिनं छताचा गिलावा हातोडीनं थोडासा उडवला, तर आत तुळई नव्हतीच, नुसत्या दोन फळ्या होत्या आणि दोन्ही वाकलेल्या. शिंपी चटकन त्या छताखालून बाजूला सरकला. सगळे खाली उतरले होते, पण आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली होती. तिचे डोळे दिवाणखान्याच्या मध्यावर, जिथे भिंत नव्हती तिथे, लागले होते.

“आपलीही मधली भिंत…” ती म्हणाली.

“आई, आपलं घर जुनं झालं होतं.”

“पुरे. इतकी वर्षं सांगितलंस तेवढं पुरे.” आईनं नजर तिच्याकडे वळवली. “ह्यांना ठाऊक होतं?”

ताई हातोडीवरचा गिलावा पुसू लागली.

“ठाऊक होतं. म्हणून मी तुला बोलले की हे उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, लेकीवर नाराज आहेत.” आईनं पदर तोंडाशी नेला. “आणि तू… सगळं ऐकून घेत राहिलीस. एकदा तरी म्हणायचं होतंस, आई, हे तुझंच करणं आहे.”

“कशाला म्हणू? तू हौसेनं सांगितलंस, बाबांनी हौसेनं केलं. त्यात करणं कसलं?”

“हौस कसली गं, वेडे.” आता मात्र आईचे डोळे भरून वाहू लागले. “मी आत कामात असायचे आणि पलीकडून नुसती तुझी टकटक ऐकू यायची. अभ्यास करतेस की झोपा काढतेस, दिसायची नाहीस. मला तुझं तोंड बघायचं होतं. तुझं तोंड दिसावं म्हणून मी भिंत काढायला लावली… आणि मग तुझंच तोंड बघायचं टाकलं मी.”

ताईच्या हातातली हातोडी तिथेच टेबलावर राहिली. ती पायरीपाशी गुडघ्यावर बसली आणि आईनं तिचा गिलाव्यानं माखलेला चेहरा दोन्ही हातांत घेऊन असा निरखला, की जणू इतक्या वर्षांची बाकी त्या एका नजरेत फेडायची होती. कपाळावरची आठी तिला नवीन होती, कानाजवळचे पांढरे केसही. तिनं पदरानं धूळ पुसली, पुन्हा पाहिलं.

बऱ्याच वेळानं धाकट्यानं चाचरत विचारलं, “म्हणजे… घर घ्यायचं की नाही?”

“घेता येईल,” ताई नाक पुसत म्हणाली. “बाकी घर चांगलं आहे. पाया उत्तम आहे. फक्त आधी वरची भिंत टेकूवर तोलून खाली लोखंडी तुळई घालायची, दोन्ही टोकांना पायापर्यंत खांब घ्यायचे. ते झाल्यावर सही. तोवर वर कुणी झोपायचं नाही, काका, तुम्हीसुद्धा.”

शिंप्यानं निमूटपणे मान डोलावली.

“तुळई नको,” आई म्हणाली.

“आई, तुळईशिवाय…”

“भिंतच बांध परत. होती तिथे. होती तशी. भिंतीवर भिंत उभी राहील ना?”

“राहील. तेच सगळ्यांत पक्कं. पण खोली लहान होईल गं. पलीकडचं काही दिसणार नाही तुला. आणि तोंड बघावंसं वाटलं तर?”

“तर मी उठून येईन पलीकडे,” आई म्हणाली. “पाय आहेत मला.”

भिंत बांधून झाली, गिलावा वाळला, सही झाली, आणि भिंतीपलीकडच्या भागात आईनं स्वैपाकघर मांडलं. शिंपी जाताना ते रीळ आईच्या हातात ठेवून गेला. आई आता ते दर आठवड्याला माडीवर सोडून बघते, आणि ते जागचं हललं नाही की समाधानानं खाली येते. सुटीच्या दिवशी ताई आली की पुढच्या खोलीत आपली कामं घेऊन बसते. पहिल्या दिवशी तिचा हात भिंतीपर्यंत गेला आणि थबकला. उगीच पोरकटपणा, तिला वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, उलथण्याचा, दोनदा. ताईनं बोटं मुडपली आणि भिंतीवर टकटक केली. पलीकडे उलथणं ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि आईची पावलं वळसा घालून दाराकडे येऊ लागली.