संकोचांक

नवापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पवह्या जमा झाल्या होत्या आणि खैरनार मॅडम त्या न वाचताच हातावेगळ्या करत होत्या. वाचायची गरजच उरली नव्हती. विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याला साक्षीलेखणी दिली होती. लिहिताना हात कुठे थांबला, कुठे अडखळला, काय खोडलं, हे सगळं ती टिपून ठेवी आणि त्यातून एक आकडा काढी, संकोचांक. स्वतः विचार करून लिहिणारा अडखळतो. यंत्राकडून लिहून घेतलेलं उतरवणारा सरसर सुटतो. आकडा विसाच्या खाली आला की वही बाद, वर्षही बाद. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून प्राध्यापक मंडळी खूश होती. लेखणीच्या बाजूने बैठकीत सर्वांत तावातावाने बोलल्या होत्या त्या खैरनार मॅडमच.

सुनयना गावितचा आकडा आला चार.

मॅडमनी वही उघडली. विषय होता रानकंद. कडू कंद वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात; तो कोणत्या ओढ्यात ठेवला तर कडूपणा जात नाही, हेही पोरीने तीन पावसाळे बघून लिहिलं होतं. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"खरं सांग सुनयना, हे उतरवून काढलंस?"

"हो मॅडम."

"कशावरून?"

"पाटीवरून. आश्रमशाळेत वर्षाला दोनच वह्या मिळायच्या. खाडाखोड केली की गुरुजी रागवायचे. म्हणून पाटीवर कच्चं करते, चुका पुसते, मग वहीत पक्कं."

"ती पाटी दाखव."

"दाखवते, पण पुसलेली आहे."

लेखणीच्या अहवालात शिक्षकाच्या मतासाठी रकाना नव्हता. शिक्षक भिडेला बळी पडतात, असं सांगून तो त्यांनीच काढायला लावला होता.

"वर्गातल्या त्या भूपेशचा एकसष्ट आलाय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"त्याच्या मोबाइलमध्ये ॲप आहे ना, मॅडम. सगळं लिहून देतं आणि कुठे थांबायचं, कुठे खोडायचं, तेही सांगतं." सुनयनाच्या आवाजात तक्रार नव्हती. वर्गात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

मॅडमना स्वतःची लाज वाटली. चोरासाठी कुत्रं पाळावं आणि ते घरच्याच माणसाला चावावं, तसं झालं होतं. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली. नियमाप्रमाणे पाच वाजेपर्यंत एकदा पुन्हा लिहून देता येत होतं.

"इथेच बस. या वेळी पाटी नको."

"पण मॅडम, आता मला सगळं पाठ आहे. अडणार कुठे?"

मॅडमनी वही तिच्यापुढे सरकवली. सुनयनाने पहिली ओळ लिहिली. सुबक, स्वच्छ. मग लेखणी वर धरून तिने अगदी सरळ मनाने विचारलं,

"यात काही चुकलेलं नाही, मॅडम. तरी खोडू?"