दादाच्या गाडीची फुसफुस

थोरल्याची गाडी जुनी, पण आवाजाला एकदम स्वच्छ. दोघा भावांचं गॅरेज होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या खोळंबल्या तरी बेहत्तर, थोरला स्वतःच्या गाडीत एवढीशी खुटखुट चालू द्यायचा नाही. त्यामुळे दवाखान्यातून गॅरेजकडे परतताना चढावर धाकट्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून फुसफुस ऐकू आली, तेव्हा त्याला आधी रागच आला. सगळं काय एकदमच बिघडायचं होतं?

चार दिवसांपूर्वी जॅक घसरून गिअरबॉक्स थोरल्याच्या छातीवर आला होता. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली. आता त्याच्या छातीतून एक नळी पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलेली होती आणि फुप्फुसातून गळणारी हवा त्या पाण्यात बुडबुडे काढत होती. पाण्यातले बुडबुडे म्हणजे काय, हे उभा जन्म पंक्चर शोधण्यात गेलेल्या भावांना कुणी समजवायला नको होतं. ते थांबले नाहीत तर उद्या सकाळी छाती उघडावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. थोरल्याचं हृदय आधीच अधू. शस्त्रक्रिया झेपेल की नाही, हे त्याही खात्रीने सांगायला तयार नव्हत्या.

हाताला काम हवं म्हणून धाकट्याने गॅरेजात येताच बॉनेट उघडलं. इंजिन नुसतं चालू ठेवलं की आवाज नाही, रेस वाढवली की फुसफुस. म्हणजे टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप कुठेतरी चिरलाय. दाब चढला की चीर उघडते आणि हवा निसटते. असली दुखणी त्याच्या रोजच्या ओळखीची होती. त्याने ब्रशने पाइपवर साबणाचं पाणी फासलं आणि डाव्या हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढली. वळणाच्या खालच्या अंगाला फेस उसळला. सापडली लबाड, असं तो मनात म्हणतोय तोच फोन वाजला.

वहिनी होती. त्याने स्पीकर लावून फोन बॅटरीवर ठेवला.

"भाऊजी, आत्ता बुडबुडे एकदम वाढले हो. मग आपोआप कमीही झाले. नर्सला हाक मारू का?"

"मारा. पण फोन ठेवू नका."

त्याने पुन्हा तार ओढली, सहज, काम पुरं करायचं म्हणून. फेस फुगला.

"बघा, परत वाढले."

त्याने तार सोडली.

"कमी झाले. भाऊजी, तुमच्याकडे कसला आवाज येतोय?"

"काही नाही. गाडी चालू आहे." योगायोग असतात, त्याने स्वतःला बजावलं. तिसऱ्यांदा तार ओढताना मात्र त्याने उजव्या हाताचा अंगठा चिरेवर गच्च दाबून धरला.

फुसफुस बंद झाली.

"थांबले," वहिनी म्हणाली. "एकही बुडबुडा नाही. अगंबाई, थांबले हो."

नवाकोरा पाइप मांडणीवर होता. सवयीने त्याचा हात तिकडे वळला आणि हवेतच राहिला. नवा बसवायचा म्हणजे जुना आधी काढायचा.

त्याने इंजिन बंद केलं. जुन्या ट्यूबची पट्टी कापून चिरेवर गुंडाळली, वरून क्लिप बसवली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळली. मग इंजिन चालू करून तार ओढली. पाइप कोरडा, आवाज नाही.

"अजून थांबलेलेच आहेत," वहिनी म्हणाली. ती रडत होती. धाकटाही रडला, गॅरेजात कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणाने.

उन्हं कलायच्या आत तो दवाखान्यात पोचला. वाटेत ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडीने हूं की चूं केलं नाही. डॉक्टरीणबाई बाटली बघून मान डोलवत होत्या. गळती आपोआप बुजली असावी, उद्याची शस्त्रक्रिया रद्द, असं म्हणून त्या गेल्या. वहिनीच्या तोंडावर चार दिवसांनी रंग आला होता.

थोरला जागा होता. त्याने बोटाने धाकट्याला जवळ बोलावलं.

"फार आवळलीस रे," तो पुटपुटला. "क्लिप. अर्धा फेरा सैल कर."

"गुंगीत आहेत, काहीबाही बोलतात," वहिनी कौतुकाने म्हणाली.

गाडीचं धाकट्याने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. "करतो दादा," एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरला.

गाडी भिंतीच्या सावलीत उभी होती, किल्ली त्याच्या खिशात. त्याने बॉनेट उघडलं आणि पेचकसाने क्लिप अर्धा फेरा सैल केली. बंद इंजिनावरचा तो पाइप हळूच फुगला. हळूच बसला. पुन्हा फुगला, यावेळी जरा मोकळेपणाने.

धाकटा तसाच बघत राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी बॉनेट खाली घेतलं, अजिबात आवाज होऊ न देता.